पलीकडचा काठ

गोडदेव गावात शेवंती भुवड ही एकच बाई अशी होती, की लोक आधी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघायचे आणि मग तिच्या तोंडाकडे. नवी माणसं सरळ बघायची, जुनी चोरून.

त्यांचंही चुकत नव्हतं. शेवंतीचा नवरा शिवा आरमारात खलाशी होता आणि एकाहत्तर सालच्या लढाईत त्याची आगबोट बुडाली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पांढऱ्या कपड्यांतले दोन साहेब जीपगाडीतून आले होते. मिठागराच्या बांधावर जीप रुतली, तेव्हा गावच्याच लोकांनी ती ढकलून काढली होती. साहेबांनी टोप्या काढून सांगितलं, की शिवा धर्माजी भुवड बेपत्ता आहे आणि सरकारने त्याला मृत मानलं आहे. शिवाचा बाप धर्माजी उभ्याचा खाली बसला. शेवंतीने तोंडाशी पदर नेला. आता ती हंबरडा फोडणार, एवढ्यात सासूने तिचं मनगट धरलं.

"रडायचं नाय," सरूबाई म्हणाली. "मानलंय म्हणतायत ते. मानलेलं म्हणजे झालेलं नव्हे."

तो हंबरडा शेवंतीच्या छातीत अडकला तो अडकलाच.

सरूबाई मूळची संगमेश्वराकडच्या डोंगरातल्या वाडीतली. धर्माजीला भाईंदरला मिठाच्या वॅगनी भरायचं काम लागलं तेव्हा त्याच्या मागोमाग आली आणि गोडदेवात दोन खोल्यांचं कुडाचं घर करून राहिली. तोंडाने फटकळ, हाताने उदार. कुणाच्या घरी बाळंतीण असो की भांडण, सरूबाई तिथे हजर. आणि एकदा मनाने घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. शिवा जिवंत आहे असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"पुराच्या पाण्यातनं म्हशीची शेपटी धरून येणारी पोरं निराळी," ती सांगायची. "माझा शिवा म्हशीला ओढून आणायचा. तो काय बुडतोय? लागला असेल कुठंतरी काठाला."

लढाईतल्या कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा ती नाथाच्या शिवणाच्या दुकानात रेडिओपाशी ठाण मांडून बसली. आपल्या पोराचं नाव काही येईना, तेव्हा म्हणाली, डोक्याला मार लागला असेल, स्वतःचं नाव आठवत नसेल, म्हणून सांगितलं नसेल. दर महिन्याला ती शिवाचे दोन सदरे ट्रंकेतून काढून धुवायची आणि वाऱ्यावर वाळत घालायची. खाऱ्या वाऱ्यात ते सदरे हात पसरून फडफडायचे, तेव्हा शेवंती मागच्या दाराने बाहेर जायची. आणि रोज सकाळी, चूल पेटायच्या आधी, सरूबाई करंडा घेऊन सुनेसमोर बसायची आणि स्वतःच्या बोटाने तिच्या कपाळी कुंकू लावायची. बांगडी पिचली तर कासाराला स्वतः बोलावून आणायची.

शेवंतीला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लग्नानंतर शिवा रजेवर यायचा तेवढाच तिचा संसार. घरी आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नसे. "घर हलत नाय गो," असं म्हणून हसायचा आणि तिला पाळण्यासारखं हलवायचा. त्याच्या हाताला तेलाचा आणि तांब्याच्या भांड्याचा असा काहीतरी वास यायचा. तो वास आता येणार नाही, हे तिच्या अंगाला कळलं होतं. फक्त ते बोलायची सोय नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, की सासू विचारायची, "का गो? माझ्या लेकाच्या नावानं अपशकुन करतेस?" मिठाच्या राशींआड जाऊन रडावं म्हटलं, तर कुणीतरी बघेल या धाकाने रडू यायचं नाही. ती ना सवाशीण होती ना विधवा. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, पण तिने लावलेलं कुंकू घरी जाऊन पुसायच्या, हे तिला ठाऊक होतं. शिवाची मुलगी शालू चार वर्षांची झाली होती आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक खाकी-पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला "बाबा आला" म्हणायची. आजीने तसंच शिकवलं होतं.

शेवंतीला नवरा परत नको होता असं नाही. पण तो येणार नसेल, तर तिला तो एकदा नीट मेलेला हवा होता.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत नाथा शिंप्याने मुंबई दर्शनाची सहल काढली. खास गाडी ठरवली, सकाळी निघायचं, दिवे लागायच्या सुमाराला परत. मत्स्यालय, लटकती बाग, गेटवे, आणि कुलाब्याकडे नवीनच झालेलं खलाशांचं स्मारक. त्या स्मारकाला लागून एक उंच मनोरा बांधला होता. लिफ्टने वर गेलं, की गच्चीतून सगळी मुंबई दिसते, असं नाथा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात उंचावून सांगत होता.

शेवंतीच्या शेजारच्या सुगंधाचा नवरा गोदीत ट्रक चालवायचा. विहिरीवर तिने शेवंतीला बाजूला घेतलं. "तिथं खाली म्युझियम केलंय म्हणे. लढाईत गेलेल्यांची नावं दगडावर कोरलीत. सगळ्यांची. तुला म्हणून सांगते हां."

त्या दिवशी शेवंतीने घागर भरली ती तशीच पुन्हा विहिरीत ओतली, आणि पुन्हा भरली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. दगडावर नाव बघितलं की म्हातारी मानेल. एकदा तिने मानलं, की सगळं सुटेल.

संध्याकाळी धर्माजी कामावरून आला. मिठाने त्याच्या तळहातांना भेगा पडलेल्या असायच्या. तो कोमट पाण्यात हात बुडवून ओट्यावर बसायचा. शेवंतीने त्याच्यापुढे तपेली ठेवली आणि हळूच सांगितलं.

धर्माजीने पाण्यातले हात एकमेकांवर चोळले. मग म्हणाला, "नको पोरी."

"का नको, मामंजी? तुम्हाला काय वाटतं, ते आहेत?"

"मला काय वाटतं ते सोड. तिला तेवढंच आहे."

"आणि मला काय आहे?"

धर्माजीने वर बघितलं. सुनेने त्याच्याशी असा आवाज कधी काढला नव्हता. पाणी थंड झाल्यावर हात पुसले आणि शालूला घेऊन बाहेर गेला. सहलीच्या दिवशी मात्र तो म्हणाला, पोरीला मी बघतो, तुम्ही दोघी जा. याचा अर्थ शेवंतीने आपल्या सोयीचा घेतला.

सरूबाईला तिने फक्त मासे दाखवायला नेते असं सांगितलं. "काचेच्या पेटीत जिते मासे असतात, आई." म्हातारी लहान पोरासारखी खूश झाली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि सगळ्या गाडीला पुरतील एवढे बेसनाचे लाडू तिने केले. काशिमिऱ्याच्या नाक्यावरून गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा तिने खिडकीची जागा पटकावली होती आणि दिसेल त्या गोष्टीवर बोलत होती. मत्स्यालयात एका थोराड पाकटासमोर उभी राहून ती म्हणाली, "ह्याचं कालवण केलं तर अख्खं गोडदेव जेवेल," आणि आजूबाजूची परकी माणसंही हसली. शेवंतीही हसली.

स्मारकाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. संगमरवरी पायऱ्या, आत थंडगार मोठं दालन. कुठल्याशा शाळेची मुलं रांगेत चालली होती आणि त्यांचे बूट फरशीवर चरचर वाजत होते. मधोमध काचेच्या पेटीत एका आगबोटीची छोटी प्रतिकृती होती, तोफा, शिड्या, जीवरक्षक होड्या, सगळं काडीकाडीने केलेलं. एका कपाटात खलाशांच्या टोप्या. एकात चमचे, ताटल्या, दाढीचा ब्रश, गंजलेली बेल्टची कडी. माणसं वाकून बघत होती आणि पुढे सरकत होती. एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "लवकर बघ, वर जायचंय ना?"

सरूबाईची बडबड केव्हा थांबली ते शेवंतीला कळलं नाही. म्हातारी टोप्यांच्या कपाटासमोर उभी होती.

"हे काय आणलंस मला दाखवायला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

शेवंतीने तिचा हात धरला आणि पलीकडच्या भिंतीपाशी नेलं. काळ्या दगडाची भिंत छतापर्यंत गेली होती आणि तिच्यावर नावांच्या ओळीच ओळी होत्या. शेवंती सातवीपर्यंत शिकलेली. बोट न लावता ती वाचत गेली. तिला वाटलं होतं शोधायला वेळ लागेल; पण ते नाव जसं काही वाट बघत असल्यासारखं तिच्या डोळ्यांच्या उंचीवरच होतं. शिवा धर्माजी भुवड. तिने सासूचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

"हे त्यांचं नाव आहे, आई."

सरूबाईला वाचता येत नव्हतं. तिने बोट एकेका अक्षराच्या खोलगटातून हळूहळू फिरवलं. शेवटाला आली आणि पुन्हा सुरुवातीला गेली. मग मागे वळून तिने तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं. पांढऱ्या गणवेशातला, पिकल्या केसांचा तो माणूस येणाऱ्यांना माहिती द्यायला ठेवला होता; स्वतः आरमारातून निवृत्त झालेला.

"दादा, हे पुसता येतं का?"

"नाही मावशी. कोरलेलं आहे."

"आणि एखादा परत आला तर?"

तो माणूस सावध झाला. असं विचारणारी ती पहिली बाई नसावी. त्याने शाळेच्या मुलांना हाताने पुढे जायची खूण केली आणि जवळ आला. "तुमचं कोण?"

"ल्योक."

"मी दुसऱ्या बोटीवर होतो," तो म्हणाला. "आम्हालाच शोधायला पाठवलं होतं. उजाडल्यावरही आम्ही फिरत होतो."

"दिसली माणसं?"

"दिसली. जी दिसली ती घेतली."

"मिशी नव्हती त्याला. आणि इथं, भिवईवर, वण होता. लहानपणी विळी लागलेली. असा कोण—"

"मावशी," तो माणूस अगदी हळू म्हणाला, "आम्ही ज्यांना बाहेर काढलं, त्यांची नावं ह्या भिंतीवर नाहीत."

शेवंती सासूच्या तोंडाकडे बघत होती. आता ती किंचाळेल, शिव्या देईल, भिंतीवर डोकं आपटेल. त्यासाठी शेवंतीने मनाची तयारी केली होती. पण सरूबाईने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "असू दे. तुमची चूक नाय." मग जराशाने, "दगडच तो. कोरणारा चुकला असेल." हे म्हणताना तिच्या आवाजात ती नेहमीची आडमुठी धार होती, आणि शेवंतीला एकाच वेळी संताप आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखं का वाटलं, हा विचार करायला तिला तिथे सवड झाली नाही.

नाथा हाका मारत आला. "चला, चला, लिफ्टला लाईन आहे! वरनं आपलं भाईंदर दिसतंय का बघू!"

लिफ्टमध्ये गोडदेवच्या बायका एकमेकींना धरून खिदळत होत्या. सुगंधाने देवाचं नाव घेतलं. दार उघडलं आणि एकदम वारा आला. गच्चीला चारी बाजूंनी छातीइतका कठडा होता. एका अंगाला मुंबई, पत्त्याच्या डावासारखी पसरलेली. घरं, धुराडी, खेळण्यातल्यासारख्या बसगाड्या. माणसं एकमेकांना बोटं करून दाखवत होती. ती बघ व्ही.टी., ती बघ राणीची बाग. एक फोटोग्राफर गळ्यात कॅमेरा अडकवून गिऱ्हाईक शोधत फिरत होता. कठड्याला एक दुर्बीण बसवली होती आणि तिच्यापाशी नाथाने गोडदेवच्या लोकांची रांग लावली.

सरूबाई मुंबईच्या बाजूला गेलीच नाही. ती सरळ पश्चिमेच्या कठड्याशी गेली.

तिच्या आयुष्यात तिने पाणी बघितलं नव्हतं असं नाही. माहेरी नदी होती, तिच्या पल्याड मामाचं गाव दिसायचं. कोकणातून बोटीने आली तेव्हा उलट्या करत खाली गोणपाटावर पडून होती. डोकं वर काढलं तेव्हा किनाऱ्यावरची झाडं दिसली होती. भाईंदरला खाडी होती, तिच्या पल्याड वसईकडची जमीन. समुद्र म्हणजे तिच्या लेखी रुंद खाडी. खूप रुंद, पण माणूस पोहत राहिला तर कुठेतरी पाय लागणारच. तिची सगळी आशा त्या न दिसणाऱ्या काठावर उभी होती. तिथे कोळ्यांची वस्ती होती, कुणीतरी दयाळू बाई होती, जिने तिच्या पोराला पेज पाजली होती.

आणि आता तिच्यापुढे समुद्र होता. उतरत्या उन्हात तो पत्र्यासारखा चकाकत होता आणि कुठेही संपत नव्हता. एक मोठी आगबोट लांबवर होती ती मुंगीएवढी दिसत होती. त्या मुंगीच्या पलीकडेही पाणीच होतं, आणि त्याच्यापलीकडे आभाळ.

"ह्याच्यात?" सरूबाईने विचारलं.

"ह्याच्याहून लांब," शेवंती म्हणाली. "तिकडे, वरच्या अंगाला. इथनं दिसत नाही."

सरूबाई बघत राहिली. वाऱ्याने तिचा पदर खांद्यावरून उडाला तो तिने सावरला नाही. तिच्या तोंडावरून काहीतरी उतरत चाललं होतं, भरतीचं पाणी बांधावरून उतरतं तसं, आवाज न करता.

"ह्याला पलीकडचा काठच नाय गो," ती म्हणाली.

शेवंतीला हेच हवं होतं. याच्यासाठी ती आली होती. पण तिला स्वतःलाही कळायच्या आत ती बोलायला लागली.

"असं नाही आई, असतो ना. मध्ये बेटं असतात म्हणे. आणि मच्छीवाले फिरत असतात, त्यांच्या होड्या लांब लांब जातात. तुम्हीच म्हणता ना, डोक्याला मार लागला असेल? नाव आठवत नसेल. त्या माणसानं रात्रीच्या अंधारात कुणाकुणाला बघितलं असेल? आणि दगडाचं काय, चुकू शकतो—"

"गप," सरूबाई म्हणाली.

ती सुनेकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघत असल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली. मग पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, डाव्या हाताने शेवंतीची हनुवटी धरली, आणि रोज सकाळी लावायची त्याच निगुतीने तिच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. एकदा पुसल्यावर थोडं राहिलं, ते पुन्हा पुसलं.

"माझ्या हातनं चुकी झाली, बाय," ती म्हणाली. "तुला रडू दिलं नाय मी. रड आता."

शेवंती कठड्याला पाठ लावून उभी राहिली. मागे समुद्र, पुढे मुंबई. सुगंधा दुर्बिणीपाशी होती, तिने हे बघितलं आणि नाथाचा हात दाबला. नाथाने पुढच्याला दुर्बीण दिली आणि मान खाली घातली. फोटोग्राफरला मात्र काही ठाऊक नव्हतं. तो हसत पुढे आला. "सास-बहू एकसाथ? मागे समुंदर एकदम बढिया येईल, बाई."

शेवंतीने रडायचा प्रयत्न केला. एवढी वर्षं जे छातीत अडकलं होतं ते आता बाहेर येईल म्हणून तिने तोंडही उघडलं. नुसता वारा आत गेला.

परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. लाडवांचा डबा उरलेल्या लाडवांसकट सीटखाली घरंगळत होता. घोडबंदरचा फाटा आला तेव्हा सरूबाईला झोप लागली होती, किंवा तिने डोळे मिटून घेतले होते.

घरी धर्माजी दारातच उभा होता. त्याने सुनेच्या कपाळाकडे बघितलं, मग बायकोकडे. शालू धावत आली आणि नेहमीसारखी आजीच्या कमरेला बिलगली. "बाबा भेटला बोटीवर?"

"बाबा मेला तुझा," सरूबाई म्हणाली. "आता येणार नाय." तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की पोरगी रडलीही नाही. "कुठे मेला?" तिने विचारलं. "पाण्यात," आजी म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

त्यानंतर जे झालं ते शेवंतीने कधी मनातही आणलं नव्हतं. दुःख होईल, घर चार दिवस रडेल, मग बारावं-तेरावं होईल, आणि मग जशी इतर घरं उभी राहतात तसं हे घरही उभं राहील, असा तिचा हिशेब होता. क्रियाकर्म झालं. संगमेश्वराहून भावकी आली, जेवून गेली. शेवंतीच्या बांगड्या गेल्या, मंगळसूत्र गेलं. बायका आता तिच्याकडे सरळ बघू लागल्या. पण सरूबाई रडली नाही, आणि भांडलीही नाही. ती बोलायचीच थांबली. जेवायला बसा म्हटलं की बसायची, उठा म्हटलं की उठायची. भाजीत मीठ पडलं नाही तरी "बरंय." शेजारी बाळंतीण अडली, बोलावणं आलं, तर म्हणाली, "दुसऱ्या कुणाला न्या." शिवाचे सदरे तिने स्वतः नाथाला दिले, उसवून शालूला झंपर शीव म्हणून. दिवसभर ती ओट्यावर बसून असायची. पूर्वी बसायची तेव्हा बांधाकडे तोंड करून, कोण येतंय ते बघत. आता भिंतीकडे तोंड करून.

धर्माजी सुनेशी कमी बोलू लागला. रागाने नव्हे, त्याला काय बोलावं ते सुचत नसावं. एकदाच, हात पाण्यात बुडवून बसलेला असताना, तो म्हणाला, "तीन वर्षं मी तिला खोटं पाडलं नाय. का, ते तुला आता कळलं असेल." शेवंती तिथून उठून गेली.

पावसाळा गेला. सरूबाईचं अंग चिपाडासारखं झालं. डॉक्टर म्हणाला, आजार कसलाच नाही, खात जा. ती खायची. ते अंगाला लागायचं नाही.

एका दुपारी शेवंती तिच्याजवळ जाऊन बसली. सकाळपासून तिने मनाशी घोळवलं होतं ते एका दमात बोलली. "आई, बाजारात आज उत्तनची एक कोळीण भेटली. सांगत होती, त्यांच्याकडे कुणी माणूस येऊन राहिलाय. कुठला ते सांगत नाही. कोकणातल्यासारखं बोलतो म्हणे. भिवईवर वण आहे."

सरूबाईने मान वळवली. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. बोल, शेवंती मनात म्हणत होती, बोल, जाऊया म्हण, शिव्या घाल, सदरा परत आण म्हण.

सरूबाईने सुनेच्या मोकळ्या कपाळावर हात ठेवला.

"नको गो," ती म्हणाली. "तू तरी नको."

दिवाळीच्या आधी ती गेली. भिंतीकडे तोंड करूनच.

तेरावं झाल्यावर, एक दिवस सकाळीच, शेवंती शालूला सुगंधाकडे सोडून भाईंदरला गेली आणि उत्तनच्या गाडीत बसली. का, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. उत्तनची कुणी कोळीण तिला भेटली नव्हती, तिथे कुणी माणूस येऊन राहिला नव्हता. ते सगळं तिने स्वतःच रचलेलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती उतरली आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडींमधून वाट काढत किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मॅन्युएल नावाचा एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता, त्याच्यापुढे ती उभी राहिली.

"काका, तुमच्याकडे कुणी परका माणूस येऊन राहिलाय का? लढाईपासून?"

"कसला मानूस?"

"मिशी नाही. भिवईवर वण आहे. पोहायला चांगला होता."

मॅन्युएलने जाळं मांडीवर ठेवलं. तिच्या उघड्या कपाळाकडे, रिकाम्या मनगटांकडे त्याने बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तो पुढे जे बोलला ते फार हळू बोलला.

"न्हाय गो बाय. हितं कोन न्हाय आला."

शेवंतीने मान हलवली.

"पुढच्या गावात विचारू का?" ती म्हणाली. "तिथं कसं जायचं?"

म्हाताऱ्याने हात करून वाळूतली वाट दाखवली, आणि ती त्या वाटेने चालू लागली.